दार अडवणारा पलंग

मंडळी, आज सकाळपासून शरमेनं मान वर होत नाही.

आमच्या नाटक कंपनीच्या जुन्या बसमध्ये झोपायची सोय मीच केली. मागे बायांसाठी पडदा लावला, मधे सारे गडी, अन् दाराला लागून माझा ओढून काढायचा पलंग. तो बाहेर काढला की दार उघडतच नाही. म्हटलं, बायांची राखण झाली.

आज चामोर्शी गावाजवळ थांबलेल्या बसमध्ये जाग आली तर आमची नटी पडद्याशी पोट धरून बसलेली.

"बाई, मले उठवलं काऊन नाई?"

"भाऊ, कुठी जाचं आहे ते साऱ्या गड्यांपुढं वरडून सांगू का?"

पलंग लगेच दुसऱ्या बाजूला हलवला. पण राखणीच्या नावाखाली मी कोंडवाडाच बांधला होता.

तुमच्याकडे खाट कुठे टाकायची, हे बायांना विचारता का हो?