पेंडूरकरांचं बिनस्प्रिंगचं मनगट

अनंत पेंडूरकर एकोणीसशे छप्पन्नच्या मार्चमध्ये पुन्हा गिरणीत रुजू झाले. त्याआधीची अडीच वर्षं ते गिरगावातल्या एका कॉलेजात, पदार्थविज्ञान विभागाच्या वर्कशॉपमध्ये हंगामी मेकॅनिक होते. गिरणी त्यांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडली होती. कापसाची धूळ छातीत बसली आहे, पुन्हा त्या धुळीत गेलात तर मी जबाबदार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. कॉलेजात आल्यावर त्यांचा खोकला थांबला. नोकरी कायम झाली असती तर गिरणीशी संबंध संपला असता. ती कायम होणार की नाही, हे एका यंत्रावर ठरायचं होतं.

डिलाईल रोडच्या चाळीत ते माझे शेजारी. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने किडकिडीत, सदऱ्याच्या खिशात कायम एक पोलादी फूटपट्टी. कोणी काही ठासून सांगितलं की ते विचारायचे, "मोजलंस काय?" मी तेव्हा एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या एका सभेला लाखाची गर्दी होती, असं आमच्या पेपरात आलं. दुसऱ्या दिवशी नळावर त्यांनी मला गाठलं.

"काय रे पेपरवाल्या, लाख मोजलंस काय?"

"अहो, तो अंदाज असतो."

"कोणाचो? तुझो की संपादकाचो?"

ते स्वतः त्या सभेला गेले होते. घोषणा देऊन त्यांचा घसा बसलेला होता. त्याच बसलेल्या आवाजात ते म्हणाले, "मुंबई आमचीच, तेच्यात वाद नाय. पण आकडो मोजून लिही."

कॉलेजातल्या त्यांच्या विभागाचे प्रमुख प्रोफेसर विजयकर. जुन्या मुंबईकर घराण्यातले, स्वतःची मोटार असलेले, रविवारी क्लबात गोल्फ खेळणारे. गोल्फच्या फटक्यात वेग कुठून येतो, यावर ते एका परिषदेसाठी निबंध लिहीत होते आणि त्यासाठी त्यांना यंत्र हवं होतं. वरचा दांडा म्हणजे माणसाचे हात, खालचा दांडा म्हणजे काठी, आणि मधली बिजागरी म्हणजे मनगट. वजन खाली सोडलं की वरचा दांडा फिरायचा आणि काठी चेंडूवर यायची. खरा वेग मनगटाच्या झटक्यातून येतो, असं प्रोफेसरांचं मत होतं. म्हणून बिजागरीत एक जोरदार स्प्रिंग बसवायची होती.

पेंडूरकरांना प्रोफेसरांनी एकदा मोटारीतून क्लबावर नेलं. परत आल्यावर खेळ कसा वाटला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "चेंडू लिंबाएवढो. तेका मारूक काठी माणसाएवढी. आणि आमचे साहेब चेंडवान तेंका शिवी घातल्यासारखे मारतत."

त्यांना कामावर मी एकदाच पाहिलं. बातमीसाठी कॉलेजात गेलो होतो. वर्कशॉपच्या मधोमध पाण्याने काठोकाठ भरलेलं पिंप होतं आणि प्रोफेसर विजयकर सदरा काढून, गंजिफ्राकावर, त्यात हात बुडवून वाकले होते. बाहेर सांडलेलं पाणी पेंडूरकर परातीतून मापात ओतत होते. हाताने जेवढं पाणी सारलं, त्यावरून हाताचं वजन काढायचं आणि तेवढ्याच वजनाचा दांडा करायचा.

"साहेब, खांद्यापर्यंत."

"झालं की, पेंडूरकर."

"काख कोरडी आहे, साहेब. अजून."

प्रोफेसर आणखी वाकले. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

यंत्र डिसेंबरात उभं राहिलं. जानेवारीत कॉलेजची एक समिती विभाग पाहायला यायची होती. यंत्र पसंत पडलं तर मेकॅनिकची जागा कायम करून घेतो, असं प्रोफेसरांनी सांगितलं होतं. पण त्याच जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, अशी घोषणा झाली. गिरणगाव रस्त्यावर आला, गोळीबार झाला, संचारबंदी लागली. कॉलेज बंद राहिलं. समितीची भेट पुढे गेली.

माझ्याकडे पेपरचा पास होता, म्हणून मी बाहेर पडत होतो. पेंडूरकर खोलीत अडकले. रिकामे बसणं त्यांना जमत नव्हतं. पहिल्या दोन दिवसांत त्यांनी जुन्या ट्रंकेची बिजागरी काढली, खाटेच्या चौकटीचा एक दांडा आणि छत्रीची दांडी तिला जोडली आणि कॉलेजातल्या यंत्राची धाकटी नक्कल गॅलरीच्या कठड्याला बांधली. वजन म्हणून पाटा लटकवला. चेंडू रबराचा. त्यांची बायको, आमच्या वहिनी, पाटा परत मागत राहिल्या. समोरच्या सावंतकाकू ओरडल्या, "पेंडूरकरानू, भायर गोळये चलतत आणि तुमी हंय विटीदांडू खेळतास?"

मोजमाप गॅलरीतल्या खोल्यांच्या दारांचं होतं. स्प्रिंग लावली की चेंडू पाचव्या दारापर्यंत जाई. स्प्रिंग काढून बिजागरी मोकळी सोडली, काठी फार मागे वळू नये एवढीच खुंटी ठेवली, तर तो सातव्या दाराशी पोचे. संध्याकाळी मी परतलो तेव्हा त्यांनी मला तो प्रयोग पंधरा-वीस वेळा दाखवला. स्प्रिंग काठीला वेळेआधी उघडते आणि लांब पसरलेली काठी हाताला जड होते. मोकळी काठी दुमडूनच खाली येते, शेवटी स्वतः उघडते. त्या क्षणी वरचा हात मंदावतो आणि त्याचा वेग काठीत उतरतो.

"मारूचा नाय," ते म्हणाले. "सोडूचा."

त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता. कॉलेज उघडल्यावर त्यांनी प्रोफेसरांना सांगितलं. प्रोफेसर म्हणाले, ट्रंकेच्या बिजागरीवर विज्ञान चालत नाही. निबंधाचा सारांश परिषदेकडे आधीच गेला होता. समितीसमोर स्प्रिंग राहील आणि पेंडूरकर फक्त यंत्र चालवतील, असं ठरलं.

समिती फेब्रुवारीत आली. त्या सकाळी वहिनी डबा भरत होत्या आणि मी दारात उभा होतो. वहिनी म्हणाल्या, "एक दिवस गप रवलात तर काय जातला? दोन वर्सां खोकला नाय तुमका."

"माका इचारल्यानी नाय, तर मी कित्याक बोलतलंय?" ते म्हणाले.

पुढचं मला तिथे हजर असलेल्या शिपायाने सांगितलं आणि नंतर पेंडूरकरांनी त्याला दुजोरा दिला. यंत्र चाललं, चेंडू पडद्यावर आदळला, समितीतल्या तिघांनी टाळ्या वाजवल्या. एकाने सहज विचारलं, "ही स्प्रिंग काढली तर?"

"काठी नुसती लोंबकळेल," प्रोफेसर म्हणाले आणि मान वळवून त्यांनी विचारलं, "काय हो पेंडूरकर?"

पेंडूरकरांनी एकदा स्प्रिंगकडे पाहिलं. मग म्हणाले, "काढून बघितली, साहेब. चेंडू जास्त लांब जातो."

"कुठे बघितलीत?" त्या सदस्याने विचारलं.

"चाळीत. संचारबंदीत."

तिघे हसले. विचारणारे गृहस्थ म्हणाले, मग आत्ताच काढून पाहू. प्रोफेसर म्हणाले, चहा निवतोय. स्प्रिंग काढली गेली नाही.

समिती गेल्यावर प्रोफेसरांनी त्यांना बोलावलं. "तुम्हाला बोलायची काय गरज होती?"

"तुम्ही विचारलंत, साहेब."

मेकॅनिकची जागा आवश्यक नाही, असा शेरा आला. फेब्रुवारीअखेर त्यांची मुदत संपली. प्रोफेसरांनी परिषदेत निबंध वाचला. मार्चमध्ये पेंडूरकर गिरणीत गेले तेव्हा त्यांची फिटरची जुनी जागा भरलेली होती. कार्डिंग खात्यात जागा होती. तिथे कापूस पिंजला जातो आणि धूळ सर्वांत जास्त असते. त्यांनी ती घेतली.

पावसाळ्याआधी खोकला परत आला. प्रोफेसरांविषयी ते वाईट बोलल्याचं मी ऐकलं नाही. वहिनींनी एकदाच, माझ्यासमोर विचारलं, "गप रवाक काय झालेला तुमका?" ते खोकत गॅलरीत गेले.

एकोणीसशे एकोणसाठच्या ऑगस्टमध्ये आम्ही त्यांना परळच्या एका रुग्णालयात नेलं. दाखल करताना कारकुनाने धंदा विचारला. वहिनी म्हणाल्या, "मेकॅनिक. कॉलेजात." कारकुनाने त्यांच्या हातातलं गिरणीचं कार्ड पाहिलं आणि रकान्यात 'गिरणी कामगार' असं लिहिलं. पेंडूरकर आठव्या दिवशी वारले.