दुपट्ट्याखालची खूण

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. चाळीस वर्षं बैलांची दलाली केली. मालक आईची शपथ घेत असला तरी बैलाचे दात स्वतः मोजायचो. मला फसवणं सोपं नाही. म्हणूनच हे लिहितोय... कारण यात मला कुणी फसवलं असेल, तर ते कोण, हे अजून सापडलेलं नाही.

राहतो डोणगावला. बाजारातली धूळ आणि बिड्या, दोघींनी मिळून माझी फुप्फुसं खाल्ली. सीओपीडी. दोन वर्षांपासून घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. ज्यांना हा आजार नाही त्यांना झोपेची किंमत कळायची नाही. आडवं झालं की छातीवर भरलेलं पोतं ठेवल्यासारखं होतं. रात्र तीन उशांना टेकून बसल्या-बसल्या काढायची, दर तासाला दचकून उठायचं, सकाळी डोकं जड. मग भरदुपारी डोळा लागतो. डॉक्टरांनी बजावलं होतं — झोपेत तुमचा श्वास आणखी उथळ होतो, ऑक्सिजन खाली जातो, नळी काढायची नाही.

आता कादरभाई. जानेफळचा, वीस वर्षं माझा भागीदार. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर दुपट्टा टाकून खालून बोटं दाबतात. मालकाशी बोलण्याआधी आम्ही दोघं आपसातही असंच बोलायचो. आमची एक खास खूण होती. अंगठ्यानं तळहातात दोनदा टोचलं की अर्थ — ऊठ, हा सौदा नको. त्याच्या अंगठ्याचं नख कासऱ्यात सापडून दुभंगलेलं, त्यामुळे चांगलंच टोचायचं.

एकदा एका पांढऱ्या जोडीवर माझा जीव जडला. त्यानं टोचलं. मी उठलो. संध्याकाळी तीच जोडी त्याच्या चुलतभावाच्या गाडीत चढताना पाहिली! भर बाजारात त्याला नको नको ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "तुले जे समजायचं ते समज बे."

सहा वर्षं बोललो नाही. मागच्या हिवाळ्यात तो गेला. मी मयतीला गेलो नाही. राग अजून आहे, लपवत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यातली दुपार. बायको शेजारी कुरडया घालायला गेली होती, कुत्रं आत शिरू नये म्हणून बाहेरून कडी लावून. मशीन घरघरत होतं. मला झोप लागली... कित्येक महिन्यांत लागली नव्हती इतकी गाढ. छातीवरचं पोतं उतरलं. वाटलं, आता हलूच नये.

आणि उजव्या तळहातात टोचलं. दोनदा.

झोपेतही ओळखलं. मनात म्हणालो, तुझ्या सांगण्यावरून एकदा उठलो, आता नाही उठत. पुन्हा टोचलं. जोरात. माझं डोकंच फिरलं. इतक्या दिवसांनी झोप लागली, तीही या माणसाला बघवत नाही! त्याला शिवी घालायलाच ताडकन उठून बसलो.

खोलीत कुणी नव्हतं. तोंड उघडलं तर आवाज नाही, श्वासच नाही. नखं निळी. मशीन चालू होतं, पण नळी मशीनला लावलेल्या पाण्याच्या बाटलीवरून निसटून खाली पडली होती. डाव्या हातानं कशीबशी बसवली. डावाच हात मोकळा होता. उजव्यावर माझा दुपट्टा पसरलेला होता. नीट, चारी टोकं सरळ. बोटाला ऑक्सिजनचं मीटर लावलं — एकाहत्तर.

बायको कडी काढून आत आली. "असे काऊन बसले हो? अन् हा दुपट्टा कोनं काढला खुंटीवरून?"

"तू नाही टाकला?"

"मी काऊन टाकीन एवढ्या गर्मीत?"

डॉक्टर म्हणाले, अंगात कार्बन डायऑक्साइड साठला की भास होतात. आणि दुपट्टा? तुम्हीच झोपेत उठून आणला असेल, तेव्हाच नळी निसटली असेल.

मी सोडतो काय! म्हटलं, "डॉक्टरसाहेब, खुंटी दाराजवळ हाय. संडासापर्यंत जायाले मले दोनदा थांबा लागते. झोपेत बरा धावलो मी?"

ते हसले. "मग तुम्हीच सांगा."



पुढच्या आठवड्यात मुलाला गाडी काढायला लावून जानेफळला गेलो. कादरभाईच्या बायकोनं पाणी दिलं, समोर बसली आणि विचारलं, "भाऊ, मयतीले काऊन नाही आले?" त्या दिवशी बोलण्यापुरता श्वास होता मला. तरी नुसतं पाणीच पीत राहिलो. त्या पांढऱ्या जोडीचं विचारायचं ठरवून गेलो होतो, तेही तसंच घेऊन परत आलो.

त्यानं मला तेव्हा का उठवलं, माहीत नाही. या वेळी कुणी उठवलं, तेही माहीत नाही. राग गेला असं म्हणणार नाही. पण आता दुपारी झोपताना आधी नळी तपासतो, मग दुपट्टा मीच उजव्या हातावर ओढून घेतो.

"गरम नाही होत काय?" बायको विचारते.

होतं. पण राहू दे म्हणतो.