मोठं देऊ ना?

मोनालीला घाबरवायला भुताखेताची गरज नव्हती. साध्या शर्टातला, शांत चेहऱ्याचा एखादा माणूस काउंटरसमोर येऊन उभा राहिला, की तिच्या तळहातांना घाम सुटायचा.

कारेगावच्या वस्तीवरच्या जयसिंगची ही थोरली. दोन हजार सहा साली नगर रोडला, रांजणगावच्या कंपन्यांच्या अलीकडे, काचेचं एक बर्गरचं दुकान उघडलं. ‘टेस्टी पॉइंट’. बारावी झालेली मोनाली तिथं काउंटरला लागली. लाल शर्ट, लाल टोपी, छातीवर नावाची पट्टी. पहिल्या दिवशी ती तशीच घरी आली, तर शेजारची तुळजाबाई दारातूनच ओरडली, “अंजना, तुझी लेक दौंड स्टेशनला हमाल लागली का गं? बिल्ला कुठाय तिचा?” वस्ती आठवडाभर त्यावर हसत होती.

जयसिंग मात्र हसला नव्हता. त्यानं अट घातली होती. “सा महिन्यांत कायम झालीस तर पुढचं बघू. न्हाईतर पाटसचं स्थळ पक्कं.” पाटसचं पोरगं वाईट नव्हतं. कारखान्याला ऊस वाहणारा स्वतःचा ट्रॅक्टर होता. पण बघायला आलं तेव्हा दोन तासांत एकदाही त्यानं मोनालीच्या तोंडाकडं पाहिलं नाही, सगळा वेळ घरातली आंदणाची पत्र्याची पेटी न्याहाळत बसलं. मोनालीला त्या पेटीशेजारी जन्म काढायचा नव्हता. म्हणून सहा महिने. म्हणून लाल टोपी.

काम सोपं दिसायचं. मॅनेजर सत्यजीत सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. “‘पाहिजे का?’ असं विचारायचं नाही. पाहिजे का म्हटलं की माणूस विचार करतो, आणि विचार केला की नाही म्हणतो. ‘मोठं देऊ ना?’ म्हणायचं. हसून. आणि पुढं लगेच ‘फक्त दहा रुपये’.” मोठं झालं की चीज, चीज झालं की गोड. कोल्ड्रिंकचा लहान ग्लास तर मुद्दाम इतका लहान ठेवलेला, की मागणाऱ्याला आपलीच लाज वाटावी. लोक यायचे तीस रुपयांचं खायला आणि जायचे नव्वदचं खाऊन. वर पोट धरून “स्वस्तात झालं” म्हणायचे.

भीती होती ती गुपचूप गिऱ्हाइकाची. महिन्यातून एकदा वरचं ऑफिस कुणाला तरी गिऱ्हाईक बनवून पाठवायचं. तो यायचा, खायचा, निघून जायचा, आणि आठवड्याभरात कागद यायचा. पोरगी हसली का, सगळ्या गोष्टी विचारल्या का. दोन वेळा शून्य आलं की घरी.

मोनालीचं एक शून्य पहिल्याच महिन्यात झालं होतं. ग्रीसनं हात काळे झालेला एक हेल्पर आला, त्यानं सगळ्यात लहान बर्गर मागितला. तिला त्याची कीव आली. काही न विचारता तिनं बर्गर हातात दिला. तोच निघाला गुपचूप गिऱ्हाईक! ग्रीससुद्धा बहुतेक मुद्दाम लावून आला होता.

तेव्हापासून तिनं कुणाचीच कीव केली नाही. एसटीचा कंडक्टर, केळीवाला, सातवीला गणित शिकवलेले गुरुजी, ज्याच्यात त्याच्यात तिला ऑफिसचा माणूस दिसायचा. घरी बापाला भाकरी वाढतानाही तोंडातून निघालं, “मोठी देऊ ना?” जयसिंग म्हणाला, “का, बारकीला येगळा भाव हाय व्हय?”

सहावा महिना लागला. त्या महिन्याचा कागद यायचा होता. तो चांगला आला की कायम.

रविवारी दुपारी दुकान गच्च भरलेलं, आणि काचेचं दार ढकलून आत आले मल्हारीआप्पा. मोनालीच्या आईचे वडील, मुक्काम भांडगाव. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, पायांत करकरणाऱ्या वहाणा. म्हातारीच्या, म्हाळसाबाईच्या, डोळ्याचं ऑपरेशन शिरूरला ठरलं होतं. त्यासाठी दोन मेंढ्या विकून ते पैसे घेऊन निघाले होते. म्हातारी आदल्या दिवशीच लेकीकडं आली होती. रात्री तिथं मुक्काम, सकाळी दवाखाना. वाटेत नातीची नोकरी बघू म्हणून उतरले.

आप्पा रांगेत उभे राहिले. त्यांच्या मागं एक माणूस. साधा शर्ट. खिशाला पेन. दर मिनिटाला घड्याळ बघणारा.

मोनालीनं टोपी सारखी केली. हाच तो.

“काय गं मोने, लय मोठ्या दुकानात हायेस की!” आप्पांचा आवाज रानातला, पार मागच्या टेबलापर्यंत गेला. “दे काय आसंल ते, तुझ्या हातचं.”

पेनवाला बघत होता. मोनाली हसली. “बर्गर. मोठं देऊ ना? फक्त…”

“दे की.”

“वर चीज घालू ना?”

“घाल घाल.”

“आणि गोड? आईस्क्रीम?”

“तू म्हन्शील ते, बाय.” आप्पांचे डोळे भरून आले होते. नात किती आग्रहानं वाढतेय!

आप्पांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. आज या गावच्या रानात, उद्या त्या. त्यांच्यात एक रीत होती. मुक्कामावर कुणी वाढलं, तर ताटावर हात आडवा धरायचा नाही. पुढची भाकरी कुठं मिळेल ते ठाऊक नसतं, आणि वाढणाऱ्याचा हात मागं फिरवणं वाईट. वाढलेल्याचे कुणी पैसे मागेल, हे तर त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ‘फक्त’च्या पुढचं त्यांनी ऐकूनच घेतलं नव्हतं. दुसरी रीत याहून अवघड. समोर माणूस उभा असताना एकट्यानं खायचं नाही. आप्पा मागं वळले आणि पेनवाल्याच्या दंडाला धरून म्हणाले, “पाव्हणं, या. माझी नात वाढतीया. मोने, यान्लाबी दे. समदं तसंच.”

पेनवाला गडबडला. “अहो बाबा, नको…”

“आरं, नको म्हनू ने!”

मशीनवर आकडा चढत गेला. एकशे ऐंशी. मोनालीचं बोट छापायच्या बटणावर होतं. आप्पांच्या बंडीच्या खिशात म्हातारीचा डोळा होता, आणि समोर पाटसची पत्र्याची पेटी. कोपऱ्यातून सत्यजीत सर बघत होते. अजून एक प्रश्न राहिला होता. दोघांनाही मोठा ग्लास देऊ ना?

ती काउंटरवर वाकली.

“आप्पा, हात आडवा धरा.”

“आं?”

“ताटावर धरत्यात तसा. न्हाई म्हना. हे इकत हाय, समदं इकत हाय.”

आप्पा तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी फलकावरच्या बर्गरच्या रंगीत चित्राकडं पाहिलं, मग सावकाश हात उचलून काउंटरवर आडवा धरला. “पोट भरलंय,” ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. नातीची लाज राखायला. बाहेर जाऊन दुकानाच्या सावलीत पायरीवर बसले.

पेनवाला पुढं झाला. मोनालीनं मशीनवरचा आकडा पुसला.

“ताई, शंभराचे सुट्टे मिळतील का? बाहेर रिक्षावाला थांबलाय.”

एवढंच. सुट्टे घेतले आणि गेला.

कागद आला बुधवारी. सत्यजीत सरांनी सगळ्यांसमोर वाचला. पैकीच्या पैकी! गुपचूप गिऱ्हाईक आदल्या गुरुवारीच येऊन गेलं होतं. खाली एक ओळ लिहिलेली होती: ‘काउंटरवरील मुलीने नाही म्हणायला जागाच ठेवली नाही. उत्तम.’ टाळ्या पडल्या. मोनाली कायम झाली. पाटसला निरोप गेला.

ती मात्र गुरुवार आठवत राहिली. कोण असेल? गुरुवारी एक बाई आली होती, कडेवर पोर, मुठीत चुरगळलेल्या नोटा. तिलाही मोनालीनं हसून मोठं दिलं होतं, चीज दिलं होतं, आईस्क्रीम दिलं होतं. बाईनं मूठ उघडून पैसे ठेवले तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. ती ऑफिसची असली तर ठीक. नसली तर?

पंधरा दिवसांनी दार ढकललं गेलं. आप्पा, आणि त्यांच्या हाताला धरून डोळ्याला हिरवी पट्टी लावलेली म्हाळसाबाई. कायम झाल्यावर दुकानाच्या भिंतीवर लागलेला नातीचा फोटो म्हातारीला उरलेल्या डोळ्यानं बघायचा होता. आप्पा दारापासूनच हात आडवा धरून चालत आले, रांगेतले लोक वळून बघायला लागले. सत्यजीत सर काउंटरशेजारीच उभे होते.

मोनाली हसली. तळहात ओले झाले होते.

“मोठं देऊ ना?”

“न्हाई!” आप्पा खूश होऊन गरजले, आणि रांगेत उभ्या असलेल्या एका बाईलाही समजावून सांगायला लागले, “नातीनं शिकवलंय. आसा धरायचा हात. आडवा. मग सोडत्यात.”

बाईनं आपल्या हातातल्या नोटांकडं पाहिलं. आणि सत्यजीत सरांनी मोनालीकडं बघत खिशातून पेन काढलं.