क्रूझवर बाबांच्या चपला

मंडळी, सकाळपासून माझं डोकं चालत नाहीये. जरा मदत करा.

आमच्या बाबांनी चाळीस वर्षं घणसोलीच्या खाडीत होडी घालून मासे धरले. आता एकदा तरी समुद्रावर नुसतं बसू देत, म्हणून मी त्यांना क्रूझवर नेलं. काल संध्याकाळी चढताना त्यांनी चपला काढून पिशवीत टाकल्या. मला वाटलं, पाय दुखत असतील.

आज नाश्त्याला ते अनवाणीच आले. वेटर अदबीने म्हणाला, "सर, फुटवेअर प्लीज." आजूबाजूचे बघायला लागले.

मी हळूच म्हटलं, "बाबा, घाला ना. लोक बघतायत."

"होरीवर कोन चप्पल घालतं गो?" ते म्हणाले. पण माझा चेहरा बघून घातल्या.

मग दिवसभर केबिनमधून बाहेर आलेच नाहीत. पलंगावर पाय वर घेऊन खिडकीतून पाणी बघत बसले. मी डेकवरच्या आरामखुर्चीत एकटीच. आराम कसला, टेन्शनच!

संध्याकाळी उतरताना ते मागे राहिले. वळून बघते तर जहाजाला हात लावून कपाळाला लावत होते. पुटपुटत होते, "पोरीला कलत नाय. माफ कर."

आता घरी मजेत चहा पितायत. "मस्त होती गो तुझी बोट," म्हणतायत.

मी याच गावात वाढले. मग मला हे माहीत कसं नाही? त्यांनी कधी सांगितलं नाही, की मी कधी त्यांच्या होडीत चढलेच नाही?