यामिनी जर्मनीत नव्हती

उल्काच्या यामिनीबद्दल खोटं बोलण्यात माझाही वाटा होता, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कोणी माझ्याकडे बोट दाखवायला नको.

उल्का आणि मी अमेरिकेत नेपरव्हिलमधल्या जुन्या शेजारणी. तिची एकुलती एक लेक यामिनी अमेरिकेच्या सैन्यात पायलट झाली. २००६ साली तिला इराकला पाठवलं. जखमी सैनिकांना उचलून हॉस्पिटलमध्ये पोचवणारं हेलिकॉप्टर ती चालवायची. दुसरी एखादी आई गावभर मिरवली असती. पण उल्काला पोरीच्या लग्नाचा घोर. सैन्यातली सून कोण करून घेणार, म्हणून तिने इथल्या मराठी मंडळात सांगून टाकलं, यामिनी जर्मनीत कन्सल्टिंग करते. आणि मी मूर्ख! स्थळांसाठी बायोडेटा मीच लिहून दिला, वर फ्रँकफर्टच्या थंडीच्या गप्पाही ठोकल्या.

ऑक्टोबरमध्ये पोरगी पंधरा दिवस सुट्टीवर आली. वाळून नुसती काटकी झाली होती. माझ्या किचनमध्ये उभ्याउभ्या पोहे खाताना म्हणाली, "मावशी, माझ्या हेलिकॉप्टरमध्ये माणसं मरतात गं. आणि मी फोन केला की आई मला सेलमधल्या साड्यांचं सांगते. एकदा तरी तिने लोकांना सांगावं ना, मी काय करते ते. बस, एवढंच."

मी उल्काच्या कानावर घातलं. ती म्हणाली, लग्न ठरू दे, मग सांगू. यामिनी परत गेली.

जानेवारीत उल्काकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. शनिवारची दुपार, बाहेर गुडघाभर बर्फ. तिच्या नवऱ्याला, श्रीरामला, घराबाहेर पिटाळलेलं. काळ्या साड्यांतल्या पंधरावीस बायका, तिळगूळ, उखाण्यांचा दंगा. बेल वाजली. उल्का कुंकवाचा करंडा हातात घेऊनच दार उघडायला गेली, मी तिच्या मागे. दारात गणवेशातले दोन अधिकारी. इथे सैनिक गेला की असे दोघे घरी येऊन सांगतात, हे त्याच्या आईला वेगळं सांगावं लागत नाही.

त्यांनी तिचं नाव विचारलं. उल्काने वळून बायकांकडे पाहिलं, चुकीच्या घरी आलात म्हणाली आणि दार लावलं. आत येऊन पुढच्या बाईला कुंकू लावलं.

मी मोज्यांवरच बाहेर धावले. ते गाडीपाशी थांबले होते. काय झालं विचारलं, तर आईवडिलांखेरीज कोणाला सांगता येत नाही म्हणाले. मीच त्यांना परत आणलं. देवा, तेही माझ्याच हातून व्हायचं होतं.

या वेळी तिने दार लावलं नाही. पांढऱ्या केसांच्या अधिकाऱ्याने टोपी काढून विचारलं, कॅप्टन यामिनीच्या आई आपणच का? आतल्या गप्पा थांबल्या.

"हो," उल्का म्हणाली. मग बायकांकडे वळली. "माझी यामिनी जर्मनीत नाही. इराकमध्ये आहे. पायलट आहे ती."

आणि ती बोलतच सुटली. हेलिकॉप्टर केवढं, धुळीत ते कसं उतरवतात, एका दिवसात अकरा जखमी कसे आणले, त्यातल्या एकाच्या आईने पुढे यामिनीला पत्र कसं पाठवलं. मला वाटायचं, ही फोनवर लेकीचं काही ऐकतच नाही. हिला सगळं पाठ होतं! अधिकाऱ्याने तोंड उघडलं की हिचा आवाज चढायचा. मी हात धरला, तो तिने झटकला. ती बोलत होती तोवर त्याला काही सांगता येत नव्हतं. तो टोपी हातात धरून उभा राहिला, आणि त्याने तिला थांबवलं नाही.