पिशोरला नेलेलं पत्र

या प्रवासाबद्दल सांगायचं मी आजवर टाळत आलो. त्या दिवशी घरी सांगितलं होतं, सिल्लोडला लग्नाला जातोय. गेलो होतो पिशोरला. आता ब्याऐंशी पूर्ण झाली, म्हणून लिहून ठेवतो.

माझी जीप मी भानुदासला विकली होती. तो शाळेपासूनचा दोस्त. कागदपत्रांवर नाव बदलायचं राहूनच गेलं. "आपल्यात कसली कागदं?" तो म्हणाला होता. पुढं एका पंगतीत त्यानं चारचौघांत थट्टा केली, "वसंतानं भंगार गळ्यात मारलं." मी रुसलो. जाणं-येणं थांबवलं. त्यातच कंपनीचं पत्र आलं, माझ्या नावावर, माझ्या पत्त्यावर: या गाड्यांच्या ब्रेकच्या नळीत दोष आढळला आहे, गाडी घेऊन या, नळी फुकट बदलून देऊ.

पत्र त्याला दिलं असतं, तर त्याची थट्टा खरी ठरली असती. मी ते कपाटात वर्तमानपत्राखाली सरकवलं. दिवाळीच्या आत जीप उतारावर उलटली. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोचा, वहिनींचा, उजवा हात कायमचा गेला.

तेच पत्र खिशात घालून, पाच वर्षांनी, मी शहरातल्या छावणी भागातून रिक्षानं बसस्थानकावर आलो आणि पिशोरची बस धरली. फुलंब्रीनंतर दोन्ही बाजूंना मका आणि फुटलेला कापूस. याच रस्त्यावर भानुदास कणसं भाजायला गाडी थांबवायचा. ती जागा दिसेल म्हणून मी खिडकीला डोळे लावून बसलो. ओळखू आली नाही.

पुढं बसचं चाक पंक्चर झालं, सगळे खाली उतरलो. बांधावर शेजारी टेकलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पिशोरात कुणाकडं?"

"भानुदासकडं. जीपवाला."

"भाकरीवाला म्हणा आता. बायकांपेक्षा पातळ थापतो."

अंगणात जीप उभी होती. सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. भानुदास चुलीपुढं, कोपरापर्यंत पिठात.

"या रुसूबाई," तो म्हणाला. "वाट इसरला नाय म्हणायचं."

वहिनींनी डाव्या हातानं पाण्याचा तांब्या पुढं केला. "बसा भाऊजी. वेळ लागंल. ह्यांनी ब्रेक उशिरा दाबला, तशी भाकर बी उशिराच उलथत्यात."

भानुदास हसला, पण मान वर न करता.

येसराची आमटी होती (येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ). तिसरी भाकरी त्यानं न विचारता वाढली, शाळेत डबा खाताना वाढायचा तशी. इतकी वर्षं मी याच पानासाठी झुरलो होतो, हे मला तिथं बसल्यावर कळलं.

जेवण झाल्यावर तो मला जीपपाशी घेऊन गेला. बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "गाडी चांगली व्हती रं. मी समद्यांना सांगतो, गाडीत खोट नव्हती. माझाच पाय उशिरा पडला. जरा आधी पडता, तर हिचा हात..." मग थांबून म्हणाला, "तुला पंगतीत बोललो ते चुकलं. माफ कर मला."

माझा हात खिशावर गेला. पत्राची घडी बोटांना लागली.

"भाऊजी, शेवटची गाडी चुकंल," वहिनी दारातून म्हणाल्या. त्यांनी भाजलेली कणसं फडक्यात बांधून आणली होती. मी ती घेतली आणि निघालो.

परतताना बसभर कणसांचा वास होता. घरी बायकोनं गाठोडं सोडलं आणि विचारलं, "लग्नात कणसं वाढली का?" मी पाय धुवायला गेलो.

पुन्हा जाईन म्हणत राहिलो. पुढच्या थंडीत भानुदास गेला. वहिनी आता लेकीकडं असतात, आणि त्याच्या उशिराची गोष्ट हसून नातवंडांना सांगतात, असं ऐकतो. हे कागद मी त्यांच्याकडं पाठवतो आहे, ते पत्रही जोडून. पण जे त्याला जीपपाशी सांगायचं होतं, ते त्याच्यापर्यंत पोचणार नाही.

भानुदास, तू ब्रेक वेळेवर दाबला होतास. पत्र माझ्याकडं होतं. माफ कर मला.