ॲम्ब्युलन्समधलं झमझम

शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही म्हणून घालायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. हे आमच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं आणि कोर्स संपेपर्यंत कुणाला पुसू दिलं नाही. खालचं सगळं पुसलं जायचं, नवीन लिहिलं जायचं, ती ओळ तेवढी तशीच. मी रोज वाचायची आणि मान डोलवायची. मान डोलवायला काय लागतं?

तेव्हा मी बहरीनमध्ये मनामाच्या एका खाजगी दवाखान्यात आया होते. बेडपॅन, चादरी, बायकांना आंघोळीला धरून नेणं, हेच काम. शाळा म्हणाल तर रत्नागिरीजवळच्या गावात सातवीपर्यंत. इंग्रजी शिकले ती औषधांच्या खोक्यांवरून आणि मुलींच्या पुस्तकांतून. चाललं होतं बरं. मग माझ्या नवऱ्याचा, मुलींच्या अब्बांचा, उजवा हात मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये मशीनखाली गेला. हात राहिला, पण बोटं वळेनात. कंपनीने सांगितलं, व्हिसा आहे तोवर राहा, पुढचा मिळणार नाही. माझा आणि मुलींचा व्हिसा त्यांच्याच व्हिसावर. म्हणजे चौघांनी सामान बांधायचं. आणि गावी जाऊन करायचं काय, हे ना त्यांना ठाऊक होतं ना मला.

त्याच सुमारास दवाखान्याला ॲम्ब्युलन्सवर बाई हवी झाली. घरातल्या बायकांना पुरुषांनी हात लावलेला चालायचा नाही, दारातूनच गाडी परत पाठवायचे लोक. मेट्रनने मला विचारलं, कोर्स करशील? पास झालीस तर पॅरामेडिक म्हणून तुझ्या स्वतःच्या नावावर व्हिसा, घरचे त्यावर. नापास झालीस तर मग काही नाही, असं ती म्हणाली नाही. ते मीच म्हणाले, मनात.

उस्ताद सुदानचे. उंच, हळू बोलणारे, पायात नेहमी पॉलिश केलेले बूट. इंग्रजीत शिकवायचे, मध्येच अरबी. वर्गात बाकी सगळे शिकलेले नर्स, त्यांच्यात मी एक आया. पाय नसलेला एक रबरी पुतळा होता, त्याच्या तोंडाला स्पिरिट लावून पुसायचं आणि आपलं तोंड लावून श्वास द्यायचा. पहिल्यांदा मला ओकारी आली. कुणी हसलं नाही. त्यापेक्षा हसले असते तर बरं.

घरी सरावाला मुलींचे अब्बाच. चटईवर आडवे व्हायचे. मी मान मागे करायची, जबडा पुढे ओढायची. धाकटी अभ्यासातून डोकं वर न काढता म्हणायची, "अम्मी, एअरवे फर्स्ट." आणि हे खालून, "मला ठार मारूनच पास होणार काय गो तू?" हात निकामी झाल्यापासून ते तेवढंच हसायचे.

शिकताना गाडीवर पाठवायचे, बघायला. उन्हाळ्यात कामगार यायचे, उन्हाने पेटलेले. अंगाला हात लावला तर तव्याला लावल्यासारखा. काखेत बर्फ, अंगावर ओली चादर, आणि तरी काहींचे डोळे वर जायचे ते खाली येत नसत. एकदा एका टाकीत उतरलेला माणूस बाहेर काढला. आपल्याकडचाच असावा, गळ्यात काळा दोरा होता. उस्तादांनी आम्हाला त्याच्या छातीवर दाब द्यायला लावलं, एकामागून एक, सगळ्यांना. तो आधीच गेलेला होता. हे त्यांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं. खलास म्हणाले तेव्हाच आम्ही हात काढले. घरी भाकरी थापता येईना, मुलींनी पाव खाल्ला.

लेखी झाली, तोंडी झाली. शेवटची परीक्षा गाडीवर: खरा पेशंट, सगळं करणारी मी, आणि उस्ताद शेजारी बसणार पण बोलणार नाहीत. पेशंटच्या जिवावर बेतेल अशी चूक झाली तरच ते हात घालणार, आणि त्यांनी हात घातला म्हणजे मी नापास. गाडीत बसल्यावर त्यांनी दोन्ही तळवे मांडीखाली घेतले. सवयच होती त्यांची, हात आपोआप पुढे जाऊ नयेत म्हणून.

कॉल आला मुहर्रकचा. जुन्या बाजारामागची गल्ली, जिना अरुंद. वर गेले आणि दारातच समजलं, आपलं घर. भिंतीवरचं कॅलेंडर, सुक्या मासळीचा वास, कोपऱ्यात नारळाची खोवणी. पेशंट म्हणजे चाचा, माझ्या ओळखीचे. बाजारात त्यांचं शिंप्याचं दुकान, माझ्या मुलींच्या शाळेचे कपडे तेच शिवायचे. दुपारच्या नमाजानंतर जेवता जेवता कलंडले होते. घरच्यांनी मानलं की वेळ आली. पलंग ओढून किबल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला फिरवला होता, त्यामुळे दार अर्धं अडलेलं. चाचा उताणे, आणि चाची उशाशी बसून चमच्याने त्यांच्या तोंडात पाणी सोडत होती. झमझम, मक्केच्या विहिरीचं पवित्र पाणी. सौदीच्या कॉजवेवरून बसने उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला, गेली होती तेव्हा आणलेलं, लहान प्लॅस्टिकच्या बाटलीत जपलेलं.

चाचांच्या घशातून आवाज येत होता, हुक्क्यात येतो तसा. मला तो आवाज माहीत होता. उस्तादांनी शिकवला होता. पाणी पोटात जात नव्हतं.

"चाची, पाणी थांबवा."

"थांबवू कशी गो? जातायत ते." चमचा पुन्हा भरला.

मी चमचा काढून घेतला. मग सुचलं म्हणून म्हटलं, "उजव्या कुशीवर घेऊया त्यांना. तोंड किबल्याकडे." ते तिला पटलं. तिनेच खांद्याला हात लावला. मरणाऱ्याला तसंच निजवतात आपल्यात, आणि तोंडातलं पाणी बाहेर यायला कूस हवी असते ती कुठलीही चालते. सक्शनची नळी घातली, पाणी ओढून काढलं, भाताची शितं आली. श्वास थोडा मोकळा झाला. ऑक्सिजन लावला. उस्ताद दाराशी उभे, हात पाठीमागे. चेहऱ्यावर काही नाही.

खुर्चीवर बांधून खाली आणलं. चाची गाडीत चढली. आमची बसायची जागा पेशंटच्या डाव्या हाताला, तोंड दिसत राहायला हवं म्हणून गाडीत डाव्या कुशीवरच घ्यावं लागतं. मी त्यांना वळवलं आणि चाचीने बघितलं की तोंड भलतीकडे झालं.

"किबला खंय गेला?" ती त्यांचं डोकं दोन्ही हातांनी फिरवायला लागली. मी जबडा धरून होते. तिने फिरवलं की श्वास अडायचा, मी पुढे ओढला की सुटायचा. पुलावर आलो तेव्हा पुढून ड्रायव्हर, म्हातारा बहरीनी, हिंदीत म्हणाला, "खाला, पूरी गाड़ी किबले की तरफ़ जा रही है।" खोटं नव्हतं ते. तिने डोकं सोडलं.

सोडलं आणि ओढणीतून बाटली काढली.

मी एका हाताने जबडा धरलेला, दुसऱ्या हाताने तिचं मनगट पकडलं. हातात बांगड्या होत्या, त्या माझ्या बोटांखाली रुतल्या.

"एक थेंब," ती म्हणाली. "एकच."

"नाही चाची."

"तू आपल्यातलीच ना गो? मंग माजा हात कशाला धरलास? चाळीस वरसं रांधून घातलं मी त्याला. कोरड्या तोंडान धाडू?"

माझे अब्बा गावी वारले तेव्हा मी इथेच होते, त्यांना शेवटचं पाणी शेजारणीने पाजलं, हे मला टेलिफोनवर कळलं होतं. पाजलं ना, एवढंच मी विचारलं होतं तीन-तीनदा. त्यामुळे चाची काय मागतेय ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं. आणि समोर उस्ताद तळव्यांवर बसलेले. थेंब गेला तर चाचांच्या श्वासात जाईल. थेंब गेला तर माझा व्हिसा गेला. दोन्ही खरं होतं. कुठलं माझ्या मनात आधी आलं, ते मी विचारत नाही स्वतःला. मनगट मात्र इस्पितळाच्या दारापर्यंत सोडलं नाही.

चाचा संध्याकाळच्या आत गेले. डोक्यात रक्तस्राव झाला होता, वाचणार नव्हतेच, असं डॉक्टर म्हणाले. तोंडात नळी होती, त्यामुळे शेवटीही पाणी नाही. आणि छातीत बरंच पाणी भरलं होतं, त्याने धाप जास्त लागली, हेही म्हणाले. हे मी ऐकलं. चाची बाहेर बाकावर होती.

दवाखान्यात परत आल्यावर उस्तादांनी हात धुतले, रुमालाने बोट बोट पुसलं आणि सांगितलं, पास. मग रुमालाची घडी घालून म्हणाले, "गॉझचा बोळा भिजवून ओठांना लावायचा. आतून ओठ, जिभेचं टोक. आत काही जात नाही. बाईला आपण पाणी दिलं असं वाटतं, आणि दिलेलं असतंही. माझ्या आईला मी तसंच दिलं."

"मग सांगितलं का नाही तिथे?"

"मी परीक्षक होतो," ते म्हणाले. "आणि वर्गात सांगायचं राहिलं." बुटांकडे बघत होते.

घरी सांगितलं तर मुलींचे अब्बा चटईवरून उठून बसले. डाव्या हाताने त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. थोरली म्हणाली, "सो वी आर स्टेइंग?" मी हो म्हटलं. मग मोरीत जाऊन नळ सोडून बसले.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं मुहर्रकला गेलो. बायका आतल्या खोलीत सतरंजीवर, चाचांच्या नावाने कुराणखानी चाललेली. पलंग परत भिंतीला लावला होता. मी आत गेले आणि कुजबूज थांबली, म्हणजे सांगून झालं होतं सगळ्यांना. एकीने दुसरीला विचारलंसुद्धा, मला ऐकू येईल असं, "हीच ती?"

चाची माझ्याकडे बघत होती. मला तिला सांगता आलं असतं. त्यांना तहान कळत नव्हती. मी अडवलं त्याने ते तहानलेले गेले नाहीत, तुम्ही पाजलंत त्याने धाप लागली. एका वाक्याचं काम. तोंडाशी आलं होतं ते वाक्य, अल्लाशपथ.

"त्याका तहान लागली होती काय गो?" तिने विचारलं.

"नाही चाची."

"तुला कसा कळला?"

ती उठली, माठातून ग्लास भरला आणि माझ्यापुढे धरला.

"पी."

सगळ्या बायका बघत होत्या. पाणी गार होतं. मी ग्लास तोंडाला लावला. तिने नजर काढली नाही, म्हणून मी शेवटच्या घोटापर्यंत प्याले. मग तिने ग्लास माझ्या हातून घेतला, धुतला आणि पालथा घातला.